अमेरिकेची बोलणी आणि माझी लोकर

मी एक काळी मेंढी बोलतेय, भूमजवळच्या धनाजीच्या कळपातली. हळू बोलतेय, कारण परवा आठवडी बाजार आहे.

माझा जन्म कळप चरायला निघालेला असताना वाटेतच, एका बाभळीखाली झाला. धनाजीच्या आईनं, बानूबाईनं, मला पदरात गुंडाळून मुक्कामाच्या तळावर आणलं. मोठी झाले, तशी माझी पहिली लोकर कातरली. बानूबाईनं ती पिंजून सूत काढलं, सुताला चिंचोक्याची खळ लावली आणि सून ज्ञानेश्वरीनं मागावर बसकर, म्हणजे बसायचं छोटं घोंगडं, विणलं.

आमच्याकडं घोंगडी आता फारसं कुणी घेत नाही. पण पुण्याच्या एक ताई आमची बसकरं अमेरिकेला पाठवू लागल्या. तिथली माणसं ती पलंगाशेजारी अंथरतात म्हणे. तेव्हापासून धनाजी आमच्याकडं मटण म्हणून बघेनासा झाला. संध्याकाळी बसून माझ्या अंगातले काटे वेचायचा.

मग एका सकाळी ज्ञानेश्वरीनं मोबाइलवर आलेला ताईंचा निरोप वाचून दाखवला. अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या मालावरचा कर वाढवला होता. आधी पंचवीस टक्के, मग एकदम पन्नास. तिकडच्या दुकानानं माल घेणं थांबवलं होतं.

"कायमचं?" धनाजीनं विचारलं.

"दोन्ही सरकारांची बोलणी चालू हायेत म्हणं. ताई म्हणत्यात, वाट बघा."

"तवर मेंढरं चारा खायची थांबतेत व्हय?"

पुढच्या बाजाराला आमच्यातले नर गेले. टेम्पोत चढवण्याआधी त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला होता. आता ज्ञानेश्वरी लाल साडी नेसून आली तरी मी कळपाच्या मधोमध घुसते.

गेल्या आठवड्यात व्यापारी तळावरच आला. त्यानं माझ्या पाठीत बोटं रुतवून मांस चाचपलं आणि रंगाचा डबा उघडला.

"तिला हात लावू नगा," बानूबाई म्हणाली. "गाभण हाय ती."

"खरं का, मावशी?"

"मेंढरातच म्हातारी झाले मी. मला इचारता व्हय?"

धनाजीनं आईकडं पाहिलं आणि मला कळपात मागं ढकललं. व्यापाऱ्यानं डबा मिटला आणि माझ्या शेजारणीजवळ जाऊन पुन्हा उघडला.

मी गाभण नाही. हे मला ठाऊक आहे, बानूबाईला ठाऊक आहे. धनाजीलाही बहुतेक कळलंय.

रोज सकाळी बानूबाई माझ्या पोटावर हात फिरवते आणि सुनेला विचारते, "कुठवर आली गं बोलणी?"

"चालूच हायेत, आत्या."

कधी कर उतरणार असं ऐकू येतं, चार दिवसांनी आणखी चढणार असं. मी कान टवकारून ऐकत राहते.

बोलणी करणाऱ्या माणसांना मी ओळखत नाही. तुमच्यापैकी कुणाची ओळख असेल, तर त्यांना एवढंच सांगा, की मेंढी पाच महिन्यांत विते. माझी लोकर वाढते आहे. पोट वाढत नाही.