कंबर सत्तावीस, मांडी सव्वीस

मित्रांनो, मी एका शिंपिणीची जुनी टेप आहे. पिवळी, टोकांना पत्रा ठोकलेली. कारखान्यातून आले तेव्हा माझे आकडे कसे ठसठशीत होते! बाईंच्या गळ्यात राहून मी हजारो कपडे बेतले. बाई माझं कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

मग बाईंची मुलगी वयात आली. तिचे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड होऊ लागले, दोन्ही अगदी सारखे. पावलं मात्र नाजूकच राहिली. दर रविवारी दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, बाई मला तिच्या मांडीभोवती आवळत.

"आई, दुखतंय गं."

"खाताना नाही ते दुखत? हत्ती मेली!"

बायका तोंड दाबून हसत. मी जिथे आवळले जाई, तिथे दुसऱ्या दिवशी निळे डाग उमटत.

बाईंनी तिचं जेवण निम्म्यावर आणलं, डबे कुलपात ठेवले. दोन वर्षांत कंबर चौतिसाची सत्तावीस झाली. मांडी सव्वीस होती, सव्वीसच राहिली. मी दोन्ही आकडे दाखवले. बाईंनी एकच वाचला.

"चोरून खातेस!"

एके दिवशी पोर शिवता शिवता भोवळ येऊन मशीनवरच कोसळली. ब्लाउज टाकायला आलेल्या नर्सबाईंनी तिला सावरलं. पायांवरून हळूच हात फिरवला, डाग पाहिले.

"हा लायपेडिमा वाटतोय. पायांत चरबी साठण्याचा आजार, बहुतेक बायकांनाच होतो. उपाशी राहून ती उतरत नाही. मुळातून जात नाही, पण घट्ट मोजे, पोहणं, यांनी दुखणं आवरतं. डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा घराण्यातच असतो. तुमच्याकडे कुणाला होता?"

बाई म्हणाल्या, "माझ्या आईला असेच पाय होते. मरेपर्यंत मी तिला म्हैस म्हणायचे."

मुलीने मान वर केली. "म्हणजे दुखतं, हे तुला ठाऊक होतं?"

"ती रडायची. मला वाटायचं, ढोंग करते."

डॉक्टरांनीही तेच निदान केलं. मुलगी आता मावशीकडे राहते. मोजे घालते, पोटभर जेवते. आईला तिने पुन्हा अंगाला हात लावू दिला नाही. बाई अंदाजाने मापं धरून तिच्यासाठी कपडे शिवतात, पाठवतात. पुडकं न उघडताच परत येतं.

मित्रांनो, मला फक्त इंच कळतात. दुखणं माझ्या कुठल्याच आकड्यात बसत नाही; ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. आणि त्याने सांगितलं, तर खरं मानावं लागतं.