टेपवरची मोकळी जागा

"विल दू हा काफ्फे?" टेपवरच्या बाईने विचारलं.

"या, यार्नेऽऽ!" बाबांनी न्हाणीघरातून उत्तर दिलं. तोंडाला दाढीचा फेस, हातात वस्तरा, पण उत्तर अगदी वेळेवर.

"रोज विचारते मेली, कॉफी घेणार का म्हणून," आई गॅसपाशी पुटपुटली. "एक दिवस तरी कप पुढे केलाय का तिनं? चहा करकरून हात मोडतायत माझे, आणि 'हो, आनंदाने' मात्र तिला!"

"अगं, धडा आहे तो."

"असू दे. माझ्या चहाला कधी 'आनंदाने' म्हणालात? नुसतं 'ठेव तिथे.'"

मी माहेरी गेले की सकाळ अशी सुरू व्हायची. बाबा नॉर्वेजियन शिकत होते. का, ते विचारू नका. विचारून विचारून सगळे दमले. आमच्या कोपऱ्यावरच्या वाचनालयाने जुन्या वस्तू काढून टाकल्या, त्यात एक निळी पेटी होती. पेटीत कॅसेटी आणि एक पातळ पुस्तक. बाबा नुकतेच निवृत्त झालेले, रिकामे हात घेऊन घरी येणं त्यांच्या जिवावर आलं असावं. "पेटीत जपानी निघाली असती तर जपानी शिकलो असतो," ते म्हणायचे. नॉर्वेत आमचं काळं कुत्रंही नाही. बाबा स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना गाडीत बसवलं.

कारण बाबा बसस्टँडवर उद्घोषक होते. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते सांगायचे. स्टँडवर त्यांचं नाव 'भोंगा'. ते नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावेऽऽ" असं ते म्हणाले की वाक्याचं शेपूट सबंध आवारात लांबत जायचं. तेच शेपूट त्यांच्या नॉर्वेजियनलाही होतं. ती टेपवरची बाई किती मऊ बोलायची! आणि आमचे बाबा तिला फलाट सांगितल्यासारखे उत्तर द्यायचे.

त्या टेपची एक पद्धत होती. बाई प्रश्न विचारायची, मग थोडी जागा मोकळी सोडायची. तेवढ्यात आपण बोलायचं. नुसती खरखर ऐकू यायची. मग बाई बरोबर उत्तर सांगायची. बाबांनी ती मोकळी जागा कधी रिकामी जाऊ दिली नाही. तू कोण, काय करतोस, कुठे राहतोस, सगळ्याला खणखणीत उत्तर. बाहेर गल्लीतून जाणारा माणूस थबकून वर बघायचा. आईला कानात बोळे घालायची सवय लागली. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मग बाबांचा आवाज बसायला लागला. आधी गुळण्या झाल्या, काढे झाले, शेवटी गळ्याचे डॉक्टर झाले. स्वरयंत्रावर गाठ होती. साधीच निघाली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. पण गाठ काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पूर्ण मौन. कुजबूजसुद्धा नाही. आवाज परत येईल, पण पहिल्यासारखा येईल का, हे मी आज सांगू शकत नाही."

बाबांनी मान डोलावली. घरी येताना रिक्षात त्यांनी माझा हात जो धरला, तो दार येईपर्यंत सोडला नाही. या माणसाकडे आवाजाखेरीज दुसरी इस्टेट नव्हती.

मी रजा काढून राहिले. आईने माझी शाळेतली पाटी शोधून काढली. बाबा तिच्यावर लिहायचे, "मीठ." "पंखा." "पेपर कुठे?" पहिल्या दिवशी आई खूश होती.

"लग्नानंतर पहिल्यांदा माझं वाक्य पुरं होतंय बाई," ती मला म्हणाली. "मधेच फलाट नाही की काही नाही."

पण एक-दोन दिवसांत तिचं बोलणंही आटलं. भांडणाला उत्तर पाटीवर यायला लागलं की भांडणातही राम राहत नाही. घर खायला उठलं. बाबा खिडकीशी बसून राहायचे. टेपरेकॉर्डर त्यांनी टॉवेलने झाकून ठेवला होता. मी म्हटलं, "बाबा, नुसतं ऐका तरी." त्यांनी पाटीवर लिहिलं, "ती विचारणार. मी गप्प बसायचं. बरं दिसत नाही."

मला हसू आलं, पण मी तो टॉवेल पुन्हा नीट सरळ करून ठेवला.

त्या सकाळी आई बटाटे सोलायला बसली होती. सोलता सोलता उठली, हात पदराला पुसले, टॉवेल बाजूला टाकला आणि टेपचं बटण दाबलं.

"तिला तरी बोलू द्या," पुन्हा बटाट्यांपाशी बसत ती म्हणाली. "या घरात कुणीतरी बोला!"

बाई लगेच सुरू झाली. जणू इतके दिवस टॉवेलखाली वाटच बघत होती. "विल दू हा काफ्फे?"

बाबांचं तोंड उघडलं. मी घाबरून हात वर केला. त्यांनी ओठ मिटले, मान खाली घातली. खरखर सुरू झाली. ती जागा इतकी लांब असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"या, यार्नेऽऽ!"

आई बोलली होती. बटाट्यावरची नजरही न काढता. आणि शेपूट? अगदी तेच. बसस्टँडचं.

बाबांनी वर बघितलं. बाईने पुढचा प्रश्न विचारला, आईने उत्तर दिलं. तिसरा, चौथा, आई एकालाही अडली नाही. तिने पुस्तकाला कधी बोटही लावलेलं नव्हतं. दुसऱ्या खोलीत बसून, नाक मुरडत, कानात बोळे घालून ती सगळा कोर्स शिकली होती.

"वा योर दू?" तू काय काम करतेस?

आईने ठोकून दिलं, ती बसस्टँडवर गाड्या पुकारते म्हणून. पुढे असंही सांगितलं, की ती निवृत्त झालेला पुरुष आहे. बाबांचीच सगळी उत्तरं तिला पाठ!

बाबांचे खांदे गदागदा हलायला लागले. हसायलाही बंदी, म्हणून त्यांनी टॉवेल तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी. मी तर जमिनीवरच बसले. मग त्यांनी टेप थांबवली आणि पाटीवर खसाखसा लिहिलं, "चूक! हे माझं उत्तर. तुझं वेगळं."

"माझं काय वेगळं?" आईने सुरी खाली ठेवली. "मी कुठे काय करते? लिहा, काही करत नाही."

बाबा खडू धरून बसले. पुस्तक चाळलं. त्यांना हवा तो शब्द त्यात नसावा. तिथे डॉक्टर होता, शिक्षिका होती, कोळी होता. शेवटी त्यांनी पाटी स्वच्छ पुसली, एक छोटं वाक्य लिहिलं आणि आईपुढे धरलं. यॅय योर आल्ट.

"म्हणजे?"

खाली त्यांनी मराठीत लिहिलं, "मी सगळं करते."

आईने पाटी हातात घेतली. "काहीतरीच," ती म्हणाली. पण तिने बाबांच्या हाताला धरून त्यांना शेजारी बसवलं आणि टेप मागे घ्यायला लावली. बाईने पुन्हा विचारलं, काय करतेस. आईने असं काही सांगितलं की पलीकडच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

बाबांचा आवाज आला. पहिल्यासारखा नाही आला. खालच्या पट्टीत, खरबरीत, हातभर अंतरावरून ऐकावा लागेल असा. स्टँडवरचे मित्र भेटायला येतात तेव्हा खुर्च्या जवळ ओढून बसतात. बाबांना आता कोणी भोंगा म्हणत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि वाटत राहणार.

परवा मी न कळवता गेले. जिन्यातच होते, तेवढ्यात वरून बाईचा मऊ आवाज आला. "वूर बूर दू?" तू कुठे राहतोस?

"यॅय बूर हॅरऽऽ!" मी इथे राहते. आई. सगळ्या जिन्यात शेपूट घुमलं. डोळे मिटले असते तर मी पुन्हा शाळेत जाणारी मुलगी असते, आणि बाबा काचेच्या खोलीत असते.

तिच्यामागून, जरा उशिरा, खरबरीत आवाजात बाबा म्हणाले, मी इथे राहतो.

घंटीकडे गेलेला हात मी मागे घेतला. पिशवी पायरीवर ठेवली आणि धडा संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.