पाठीवरचं बटण

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. लोखंडी, करड्या रंगाचा, पण बिस्किटांचा नव्हे. जपानमधल्या ओतारू बंदराजवळच्या एका कॉफीच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. तिथे लोक कॉफीच्या निमित्ताने रेकॉर्ड ऐकायला येतात. रेकॉर्ड चालू असताना कोणी बोललं, तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात की बिचाऱ्याला कॉफीचा घोटही गिळवत नाही.

रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून निघणारा आवाज फार क्षीण असतो. तो मोठा करून पुढे स्पीकरकडे पाठवायचा, हे माझं काम. दुकानाचे मालक कुरामोची, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, त्यांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं. ते तारा जोडत आणि त्यांची बायको फुमिए दिवा धरून उभी राही. पहिली रेकॉर्ड वाजली तेव्हा फुमिएच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आपला थोरला." पुढे त्यांना मूलबाळ झालं नाही. म्हणून तो शब्द मी जिवापाड जपला.

कौतुक मात्र नेहमी स्पीकरच्या वाट्याला आलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मास्तरांना माहीत होतं, तेवढं पुरे होतं.

मग एका वर्षअखेरीला दातांचे निवृत्त डॉक्टर निशिवाकी, दुकानातलं सर्वांत जुनं गिऱ्हाईक, मास्तरांसाठी भेट घेऊन आले. नवी सुई होती. उंची आणि अतिशय नाजूक. आमच्या दुकानात मोठ्या माणसाने दिलेली वस्तू त्याच्यासमोरच वापरायची असते. मास्तरांनी वाकून आभार मानले आणि लगेच ती बसवली.

रेकॉर्ड लागली, पण आवाज पार खोल गेला. मास्तरांनी तो वाढवला, तर गाण्याबरोबर घूंऽऽ अशी घरघरही वाढली. नाजूक सुईचा आवाज नेहमीच्या सुईहून फारच बारीक असतो. तिच्यासाठी माझ्या पाठीवर एक बटण आहे. ते खाली ओढायचं, बस्स! मास्तरांनीच ते बसवलं होतं, पण कधी गरजच न पडल्याने ते साफ विसरले.

त्यांनी रेकॉर्ड धुतल्या, तारा बदलल्या, अर्थिंगची वायर घट्ट केली, स्पीकर हलवून पाहिले. सुईवर कोणी बोट ठेवलं नाही. भेटीत खोट काढायची कशी? शेवटी डॉक्टरच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तर, हा दात किडलाय. उपटून टाका. मी दुसरा आणतो."

दुसरा डबा आला. तो विकणाऱ्या दुकानदाराने त्याचं बटण आधीच नाजूक सुईला जुळवून दिलं होतं. आवाज झकास लागला आणि माझ्यावर म्हातारपणाचा शिक्का बसला. मित्रांनो, फार लागलं हो मनाला. तरी मला वाटलं, मास्तरांना माहीत नाही, म्हणून असं झालं.

एका सकाळी दुकान उघडण्याआधी मला कपाटात ठेवताना मास्तरांचा अंगठा त्या बटणाला लागला. ते थबकले. मला पुन्हा जोडून त्यांनी बटण खाली ओढलं आणि माझा आवाज दुकानभर पसरला. फुमिए हात पुसत बाहेर आली.

"अगंबाई! हा तर ठणठणीत आहे!"

"बटण, गं. माझंच डोकं चाललं नाही."

"मग आज सांगा सगळ्यांना."

मास्तर माझ्या तारा काढू लागले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेबांना काय वाटेल? चारचौघांत बोलून बसलेत ते."

"आणि याला काय वाटेल?"

"तू पण ना! डबा आहे तो."

दुपारी डॉक्टर आले. मी तिथेच काउंटरवर होतो. त्यांनी मला टिचकी मारली. "काय मास्तर, सुटलात ना या खोकल्यातून?"

मास्तर हसले. "सुटलो बघा. म्हातारा झाला होता. काही अर्थ राहिला नव्हता त्याच्यात." आणि त्यांनी माझ्यावर साखरेची बरणी ठेवली.

अजाण असताना त्यांनी मला टाकलं, ते मी केव्हाच माफ केलं होतं. जाणूनबुजून टाकलं, ते मात्र माफ होत नाही.

आता रोज सकाळी मास्तर बरणी उचलतात, मला पुसतात, जोडतात आणि एक रेकॉर्ड ऐकतात. "माफ कर रे, थोरल्या," असंही म्हणतात. मी जीव ओतून गातो, कारण दुसरं मला येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू किंवा जुनं माणूस कुरकुरू लागलं, तर नावं ठेवण्याआधी नीट मागूनपुढून बघा. आणि चूक तुमची निघाली, तर ज्या चारचौघांत दोष दिलात, त्यांच्यासमोरच ती कबूल करा. एकट्यात मागितलेली माफी कोणी ऐकत नाही.

बघा, दाराची घंटी वाजली. मास्तर घाईघाईने माझ्या तारा काढताहेत.