मुश्काची खुन्नस

"उद्या शनिवार. मुश्काला बिलच्या शेतावरच्या गोठ्यात सोडून येतो," कॉफी ओतता ओतता ओरेस्टने जाहीर केलं. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या गावात घरात नकोशा झालेल्या मांजराची हीच सोय असायची.

बायको डोरीन चिडली. "शेपूट नाही तिला. तोल जातो. गाईंच्या पायांत कशी टिकेल ती?"

"मग काय करू? परवा माझा हात बोचकारला, काल पलंगावर मुतली. खुन्नस काढतेय माझ्यावर!"

खुन्नस का, ते डोरीनला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी, कडाक्याच्या थंडीत, मुश्का उबेसाठी ट्रकच्या इंजिनापाशी जाऊन बसली होती. गावातलं शेंबडं पोरही हिवाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायला सांगेल. पण बर्फावरच्या कर्लिंगच्या सामन्याला उशीर होत होता आणि ओरेस्ट विसरला. शेपूट इंजिनाच्या पट्ट्यात सापडलं, डॉक्टरांना ते कापावंच लागलं. तेव्हापासून मुश्काने नुसतं बघितलं तरी गडी खाली मान घालायचा.

दुपारी शेजारची स्टेला पेरोगीचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचा डबा घेऊन आली. तेवढ्यात सोफ्यावर झोपलेली मुश्का दचकून उठली, गर्रकन वळली, शेपूट नव्हतंच त्या जागी चावे घेऊ लागली आणि खोलीभर धावून कपाटाखाली घुसली.

"बघितलंस? नाटकं नुसती," ओरेस्ट म्हणाला.

स्टेलाने उजवा हात टेबलावर ठेवला. त्याची दोन बोटं वीस वर्षांपूर्वी धान्याच्या यंत्रात गेली होती. "या दोन बोटांना आत्ता खाज सुटलीय."

"कुठल्या?"

"नसलेल्या. पहिल्या वर्षी तर आग आग व्हायची. मी नवऱ्याला, जोला, ताट फेकून मारलं होतं. सगळे म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. दुखतंय का, असं एकानेही विचारलं नाही."

"म्हणजे नवऱ्यावर राग नव्हता?" ओरेस्टने विचारलं.

"होता. पण तो वेगळा."

डोरीन खुदकन हसली. ओरेस्ट मात्र हट्टाला पेटला. "आणि पलंगावर मुतली ते?"

"बसताना थोटूक ठणकत असेल. मऊ जागा शोधली बिचारीने. ओरेस्ट, तू स्वतःला फार मोठा समजतोस. तुझा सूड घ्यायला तिला वेळ कुठाय? ती दुखणं सोसतेय."

दोन महिने ओरेस्ट मांजराच्या डोळ्यांत स्वतःचा गुन्हाच वाचत होता, तिचं दुखणं त्याला दिसलंच नव्हतं! तो कपाटापाशी चक्क पालथा पडला. "मुश्के, चुकलो गं मी," तो पुटपुटला. मुश्का फिस्कारली. यावेळी ते त्याच्या मनाला लागलं नाही.

शनिवारी ट्रक गोठ्याकडे न जाता जनावरांच्या डॉक्टरांकडे गेला. थोटकाजवळची नस दुखावली होती. डॉक्टरांनी औषध दिलं, शी-शूसाठी कमी उंचीची पेटी आणि मऊ वाळू ठेवायला सांगितलं, पाठीला हात लावू नका म्हणून बजावलं. महिनाभरात पलंग कोरडा राहू लागला. अजूनही कधी कधी मुश्का दचकून गर्रकन फिरते. तेव्हा ओरेस्ट टीव्हीचा आवाज बारीक करतो आणि ती शांत होईपर्यंत जागचा हलत नाही.

मंडळी, आपल्याही घरात, कचेरीत कुणी तरी उगाच खेकसत असतं. त्याला बिघडलेला ठरवण्याआधी कुठं दुखतंय ते विचारा. आणि चूक आपली असेल तर आधी विचारा, कारण आपण दुखावलेल्या जिवाकडे रोज बघणं जड जातं आणि त्यालाच दाराबाहेर काढणं फार सोपं वाटतं.