एकटीचा अभ्यास

होसकोटेच्या पलीकडच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शाखा किती, असं विचारलंत तर माहितीपत्रक सांगेल नऊ. खरं विचाराल तर दीड. एक कॉम्प्युटर, आणि अर्धी तिच्याच पोटातून निघालेली एआय. बाकीच्यांनी आपापल्या पाट्या पुसत बसायचं. जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो, दुसरं काय! त्यातली अगदी शेवटची पाटी टेक्स्टाइलची, कँटीनच्या मागच्या बाजूला, आणि तिच्याखाली बसायच्या अहल्या मॅडम.

मॅडम राजाजीनगरच्या. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच होऊन गेलं. मराठी टिकली, पण कन्नडच्या पाण्यात चांगली भिजलेली. आई होती तोवर ती घरात दिवसभर वाजायची. आई गेली, भाऊ आधीच परदेशी गेलेला, मग बोलायचं कुणाशी? मॅडम देवापुढे मराठी बोलायच्या, आणि दूध उतू गेलं की दुधाशी. कॉलेजात इंग्रजी, बसमध्ये कन्नड. माणसाची भाषा अशी तोंडातल्या तोंडात वाळून जाते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

अशात शाल्मली आली. नागपूरची पोर, मार्क कमी पडले म्हणून टेक्स्टाइलला पडलेली. बरोबरची मुलं पहिलं वर्ष संपताच एकेक करून दुसऱ्या शाखांत पळाली, आणि दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ही एकटीच उरली. त्या वर्गाच्या पहिल्या दिवशी हातमाग बघून ती स्वतःशीच म्हणाली, “बाप्पा! हे काय होय?”

मराठी कानावर पडताच मॅडमनी मागे वळून पाहिलं, आणि त्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी तास बाजूला राहिला आणि दोघी नुसत्या बोलत बसल्या.

मागावर उभे धागे भरायचे तर दोन माणसं लागतात. एकीने मागून एकेक धागा पुढे करायचा, दुसरीने पुढून बारीक आकड्याने तो तारेच्या डोळ्यातून ओढून घ्यायचा. शेकडो धागे असतात, घाई करून चालत नाही. मग मध्ये काय करणार? गप्पा. शाल्मलीची आई कशी तापट, सावजी रस्सा कसा करायचा, मॅडमच्या आईला कुठलं नाटक पाठ होतं. मॅडम कन्नड वळणानं म्हणायच्या, “स्वल्प सरक गे तिकडे,” की शाल्मली खो खो हसायची. “स्वल्प काय मॅडम, आयुर्वेदिक औषध आहे का ते?” मॅडमही हसायच्या. वर्षानुवर्षं कुणी त्यांची अशी चेष्टा केली नव्हती.

आणि मग प्राचार्य उपेंद्र सरांनी शाल्मलीला बोलावून घेतलं. कॉम्प्युटरची एक जागा रिकामी झाली होती. हवी असेल तर आजच सांग, म्हणाले. एका मुलीसाठी अख्खा वर्ग किती दिवस चालवणार?

ती गेली की मॅडमना पहिल्या वर्षाच्या पोरांना ड्रॉइंग शिकवायला पाठवणार, हे ठरलेलंच होतं. पण शाखा गेली खड्ड्यात. ही पोरगी जाऊ नये, एवढंच मॅडमना वाटत होतं. आणि ती जायलाच हवी, हेही त्यांना कळत होतं. टेक्स्टाइलची पदवी घेऊन या शहरात तिला कोण दारात उभं करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

दुपारी शाल्मली आली ती दारातच उभी राहिली. डोळे रडून लाल.

“मॅडम, मी नाही जात.”

“वेडी का गे? घरी विचारलंस?”

“आई म्हणते जा. पण मी गेले तर तुम्ही इथे एकट्याच पडाल न? कोणीच नाही तुमच्याशी बोलायला. खरं सांगा. तुम्ही एकट्या पडणार असाल तर मी खरंच नाही जात.”

नको जाऊ, असं मॅडमनी म्हटलं असतं तर पोरगी राहिली असती, आणि जन्मभर कुढली असती. त्यांनी पदराशी चाळा केला आणि त्या म्हणाल्या, “माझं काय घेऊन बसलीस? मला एकटीचा अभ्यास आहे.”

आता राजाजीनगरच्या त्यांच्या घरात अभ्यास म्हणजे सवय. कन्नडात तोच अर्थ, तो घरात मुरलेला. एकटीनं राहायची मला सवय आहे गं बाई, असं त्या म्हणाल्या होत्या. नागपूरच्या पोरीला ते कुठून कळणार?

शाल्मलीचा चेहरा एकदम उजळला. “अभ्यास? तुम्ही अभ्यास करून राहिल्या? काही लिहीत आहात का?”

चूक मॅडमच्या लगेच लक्षात आली. नाही गं, असं ओठापर्यंत आलंही. पण तो चेहरा बघितला, आणि त्यांनी ते गिळलं.

“हो की,” त्या म्हणाल्या. “इळकलच्या साड्यांच्या जुन्या काठांवर. मोठं काम आहे.”

“अगं बाई! आणि मी आपली रोज बडबड करून तुमचं डोकं खाऊन राहिले! आधी का नाही सांगितलं?” शाल्मलीनं वाकून नमस्कार केला. डोळे पुसून हसली. “किती हलकं वाटलं सांगू! मला वाटलं, तुम्हाला टाकूनच चालले.”

“छे, छे.”

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. “तसं मी आईला सांगून ठेवलं होतं मॅडम, की शाखा बदलली तरी दर शनिवारी तुमच्या घरी जाईन म्हणून. दिवसभर. पण आता नाही येणार हं. उगाच तुमच्या कामात खोडा नको. फोनसुद्धा नाही करणार.”

ये गं, रोज ये, असं मॅडमना ओरडून सांगावंसं वाटलं. पण पोरीचा एक पाय अजून आतच होता. एवढा एक शब्द निघाला असता, तर ती तिथूनच परत फिरली असती.

“पूर्ण व्हायला किती दिवस लागतील?” शाल्मलीनं विचारलं.

“लागतील बरेच,” मॅडम म्हणाल्या. “तू जा.”