झालं म्हणेपर्यंत

बाबा न्हावी होते, आणि त्यांच्या खुर्चीचा एकच कायदा होता: कारागीर 'झालं' म्हणेपर्यंत गिऱ्हाइकाने हलायचं नाही. भल्याभल्यांना त्यांनी तो पाळायला लावला. कुणी चुळबुळ करत "झालं का?" विचारलं, की उत्तर ठरलेलं, "राहिलंय थोडं." शेवटी गळ्याभोवतीचं पांढरं कापड झटकून ते 'झालं' म्हणायचे, तेव्हा कुठे गिऱ्हाईक सुटायचं.

जन्मभर खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या या माणसाचा घरात एक धड फोटो नव्हता. दुकान बंद झालं, खुर्ची घरी आली, फुप्फुसांनी संप पुकारला आणि बाबा स्वतःच तिच्यात बसू लागले. मग डॉक्टरांनी हात टेकले. बाबा आहेत तोवर त्यांचा एक स्वच्छ फोटो हवा, आणि तो आपणच काढायचा, असं लेकीने मनाशी पक्कं केलं. हट्टीपणात ती बापाच्या वरताण होती.

कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांनी तिला जुना कॅमेरा आणि स्टँड दिला. "फ्लॅशने त्यांचे डोळे चुरचुरतात ना? मग शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. उजेड सावकाश आत येतो."

पहिला धडा त्यांनी भर दुपारी चौकात दिला. लेन्सवर काळी काच चढवली, बटण दाबलं आणि मिनिटभराने तिला स्क्रीन दाखवला. चौक ओस पडलेला. एवढी माणसं समोरून गेली होती, एकाचाही मागमूस नव्हता. होती ती फक्त भिंतीला टेकवलेली एक सायकल. लेक दचकून मागे सरली.

"घाबरतेस काय," काका म्हणाले. "जो हलला तो गेला, जो थांबला तो राहिला. एवढंच गणित."

घरी मात्र ते गणित जमेना. बाबा कितीही स्थिर बसले तरी श्वासागणिक छाती भात्यासारखी हलायची, आणि फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग यायचा. "माझा फोटो काढतेस की भुताचा?" म्हणून ते हसायचे, आणि हसता हसता खोकला लागायचा.

त्या सकाळी तिने खुर्ची खिडकीशी ओढली, त्यांचंच पांढरं कापड त्यांच्या गळ्याभोवती बांधलं आणि दटावून म्हणाली, "बाबा, आज मी कारागीर. मी झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही."

"नाही हलत," बाबा म्हणाले.

शटर मिटलं. स्क्रीनवर चेहरा लख्ख आलेला. ती हरखूनच गेली. स्वयंपाकघरातल्या आत्याला "बाबांकडे बघ गं" म्हणाली आणि कॅमेरा घेऊन स्टुडिओकडे पळत सुटली.

काकांनी फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. पापणीचा केस न् केस दिसत होता. काकांचं हसू हळूहळू मावळलं.

"किती वेळ उघडं होतं शटर?"

"चांगलं मिनिटभर."

"अगं, मिनिटभरात माणूस श्वास घेतो, पापणी लववतो. जिवंत माणूस एवढा स्वच्छ येत नाही." मग त्यांनी जीभ चावली. "घरी जा तू. आधी घरी जा."

कॅमेरा उचलून ती पळाली. वाटेत तिच्या डोक्यात लख्खकन आलं. आनंदाच्या भरात ती 'झालं' म्हणायचीच विसरली होती.

आत्या दारातच करवादली, "काय झालंय तुझ्या बापाला? मघापासून बोलतेय, हूं नाही की चूं नाही. चहा गार झाला. रुसून बसलाय नुसता."

बाबा तसेच बसले होते. कापडाची चुणीही हलली नव्हती. एक माशी त्यांच्या उघड्या डोळ्याच्या कडेवरून चालत गेली आणि उडाली. तिने त्यांचा हात धरला, तो फरशीसारखा गार. नाकाशी बोट नेलं, काही लागलं नाही. ती हंबरडा फोडणार, तेवढ्यात ओठ न हलवता बाबांनी विचारलं, "झालं का गं?"

दिल्या शब्दासाठी हा माणूस थांबला होता. तिने म्हणायचा अवकाश, की तो सुटणार होता.

"राहिलंय थोडं," ती म्हणाली.

"बरं."

तिने आत्याला चहा गरम करायला पाठवलं आणि त्यांच्या पायाशी बसली. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. मधूनमधून तोच प्रश्न यायचा, ती तेच उत्तर द्यायची. आवाज दर खेपेला आणखी लांबून येत होता. त्यांना असंच जन्मभर बसवून ठेवता येईल, हे तिला कळलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला तो मोह झाला.

मग बाबा म्हणाले, "पाठ फार भरून आलीय गं. पण तुझं होऊ दे."

त्यांनी कधी कुठल्या गिऱ्हाइकाला उगाच बसवून ठेवलं नव्हतं. ती उठली, कॅमेरा स्टँडवर चढवला, बटण दाबलं आणि खुर्चीमागे, त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली. गाठ सोडली.

"झालं, बाबा."

तिने कापड झटकलं. त्यांचे खांदे उतरले, मान पुढे झुकली, आणि सकाळपासून धरलेला श्वास सावकाश बाहेर पडला. मग शटर मिटलं.

स्वच्छ फोटो तिने पुसून टाकला. भिंतीवर हा दुसरा लावलाय, पार हललेला. चेहरा नीट दिसत नाही, हाच कशाला लावलास, असं येणारेजाणारे विचारतात. ती सांगते, यात ते श्वास घेतायत.