दहाव्या मुलीचा मिट

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, कुणीतरी फुगलेली भाकरी मैदानावर विसरून गेलंय. जरा जवळ या. भाकरीला लेस नसते, मला आहे. मी बेसबॉलच्या कॅचरचा मिट, म्हणजे जाडजूड चामडी हातमोजा आहे. वय झालेला, तेल प्यालेला, कडेला थोडासा उसवलेला. बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू झेलते ती कॅचर, आणि तिच्या डाव्या हातावर बसून तो सगळा मार खातो तो मी.

पण मी नुसता मार खाणारा नाही हं. लखनऊच्या ‘गोमती नाइन’ या मुलींच्या संघाचा मी सगळ्यात जुना आणि सगळ्यात कट्टर चाहता आहे. बाकीचे चाहते जाळीमागे बसून मूंगफली खातखात मतं देतात. मी ऐन खेळाच्या मधोमध बसून देतो.

माझा जन्म मेरठचा. म्हशीच्या जाड चामड्यावर एका कारागिराने दाभण चालवलं, आत गादीसारखा थर भरला आणि मधोमध मुठीने ठोकून ठोकून एक खळगा पाडला. त्या खळग्यातच माझा सगळा जीव आहे. दुकानातून मला दीप्ती घेऊन आली. तिचे बाबा फौजेत होते. त्यांच्याबरोबर ती लखनऊच्या छावणीत आली, तिने मैदानावर मुली गोळा केल्या, खेळ शिकवला, आणि संघ जरा उभा राहतोय तोच बाबांची बदली सिकंदराबादला झाली.

फौजी घरांत एक रीत असते. सामान बांधताना जे त्या गावाचं, ते त्या गावाला ठेवून जायचं. कुणी शेजाऱ्यांना तुळशीची कुंडी देतं, कुणी सायकल. दीप्तीने मला ठेवलं. माझ्या पट्ट्यावर पेनाने ‘दी’ असं अक्षर काढलं आणि ती गेली. मग मी कित्येक महिने पेटीत बॅटींच्या खाली पडून होतो. माझ्या अंगठ्यात एक पाल राहायला आली होती. भाडं काही देत नव्हती.

आणि मग आली अपूर्वा. काय सांगू तुम्हाला तिच्याबद्दल! हवाई दलातल्या घरातली, लांबसडक बोटांची, मूळची साताऱ्याची. तिने पालीला हाकललं, मला पुसलं, तेल लावलं आणि हातात घातलं. तिच्या हातात चेंडू आला की असा ‘फट्ट’ आवाज निघायचा की रस्त्यावरचे ई-रिक्षावाले थांबून बघायचे. पट्ट्यावर दुसरं अक्षर आलं, ‘अ’.

आता माझी मतं ऐका, कारण चाहत्याला मतं नसतील तर तो प्रेक्षक. आमची पिचर शिवानी मिश्रा. तिच्यासारखा वेग अख्ख्या शहरात नाही, पण राग आला की तिचा चेंडू मातीत आपटतो. हे तिला सांगायची हिंमत कुणाची नाही, म्हणून मी सांगतोय. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा सांभाळणारी शॉर्टस्टॉप झोया, चौक मोहल्ल्यातली. उंची कमी, झेप बिबट्याची. तिची एकच खोड, ऐन धावपळीतही ती सगळ्यांना अदबीने बोलते. “आप ज़रा पीछे हो जाइए, यह हमारी है,” एवढं बोलून होईपर्यंत चेंडू जमिनीवर. शेवटी आमचे प्रशिक्षक नंदकुमार सरांनी नियमच केला, मैदानावर फक्त ‘मेरी’ म्हणायचं, तहज़ीब घरी. पहिल्या बेसवर गीता, हाताला गोंद लावल्यासारखी पक्की. अशा नऊ जणी. नऊच्या नऊ सोनं.

आणि दहावी? तिथेच आमचं घोडं अडायचं.

बाकावर दोघी असायच्या. उंच, शांत चारुलता आणि जानकीपुरमची नेत्रा. नेत्राची आई मीनाक्षीताई बँकेत. त्या मराठीत विचारायच्या आणि नेत्रा हिंदीत उत्तर द्यायची. नेत्रा राखीव कॅचर होती, पण नुसती नावाला. कारण सरांचा नियम होता की मला अपूर्वाशिवाय कुणी हात लावायचा नाही. सर अमरावतीचे, तिथे सॉफ्टबॉल खेळून मोठे झालेले.

“मिट म्हणजे चप्पल नाही बापा, की दिसली अन् घातली,” ते म्हणायचे. “एका हाताला बसला की बसला. दुसऱ्याने घातला की आकार बिघडते.”

मलाही ते ऐकून फार बरं वाटायचं. आपण खास आहोत असं कुणाला आवडत नाही? नेत्रा आपली साध्या ग्लोव्हने भिंतीवर चेंडू मारत बसायची. पाणी भरायची, बॅटी मोजायची, स्कोअर सांगायची. मला वाटायचं, बरोबर आहे, ती काही अपूर्वा नाही.

जानेवारीत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर कानपूरचा संघ. आणि त्याच आठवड्यात अपूर्वा सरावाला आली ती गणवेश न घालताच.

“पप्पांची पोस्टिंग आली,” ती म्हणाली. “जोधपूर. शनिवारची गाडी आहे.”

सामना रविवारी होता.

शिवानी म्हणाली, “एक दिन। यार, एक दिन बाद नहीं जा सकते?”

“एअर फोर्सला सांग तू,” अपूर्वा म्हणाली.

सरांनी बाकाकडे पाहिलं. नेत्रा बाटल्या भरत होती. तिने मागे वळून पाहिलं, मागे कुणीच नव्हतं. तेव्हा तिला कळलं की सर तिच्याकडेच बघतायत.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नेत्राच्या हातात गेलो आणि आमची दोघांची पार शोभा झाली. माझी बोटं अपूर्वाच्या बोटांएवढी ताणलेली. नेत्राचा हात आत भोपळ्यातल्या बीसारखा खुळखुळायचा. शिवानीचा पहिलाच चेंडू मला चाटून जाळीवर. दुसराही. तिसऱ्याला तर नेत्राने डोळेच मिटले.

“सर, मैं धीरे नहीं डाल सकती,” शिवानी म्हणाली. “धीरे डालूँगी तो कानपुर वाले मारेंगे। ज़ोर से डालूँगी तो यह छोड़ेगी। बताइए, क्या करूँ?”

प्रश्न बरोबर होता, म्हणून तो जास्त लागला. कॅचर झेलत नाही म्हटल्यावर शहरातला सगळा वेग असून उपयोग काय?

नेत्रा मला घरी घेऊन गेली. मी आखडलोय असं तिला वाटलं, आणि चामडं ऊबेने नरम पडतं हे तिने कुठेतरी ऐकलेलं. बाहेर कोहरा, म्हणजे आपलं धुकं, घरात रूम हीटर. तिने मला थेट हीटरसमोर ठेवलं आणि अभ्यासाला बसली. मित्रांनो, तुम्ही पापड भाजताना पाहिलाय? तसा मी कडेने वळायला लागलो. वास सुटला तशा मीनाक्षीताई धावत आल्या.

“अगं, हे काय भाजतेयस?”

“सॉफ्ट कर रही थी, आई।”

“चामडं आहे ते, पाव नाही. दे इकडे.”

त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणली आणि बाळाला मालीश करावी तसं मला चोळलं. बोटाबोटाच्या मधे, खळग्यात, कडांना. मग मधे चेंडू ठेवून एका जुन्या ओढणीने मला आवळून बांधलं आणि गादीखाली सरकवलं.

“तू ह्याला वाकवायला बघतेयस,” त्या म्हणाल्या. “रोज थोडा वेळ हातात घातला असतास तर आपोआप वळला असता.”

“घालने कौन देता था?” नेत्रा म्हणाली.

मीनाक्षीताईंनी दिवा घालवला. खळग्यात चेंडू घेऊन गादीखाली पडल्या पडल्या मला माझाच राग येत होता. इतके दिवस मी संघाच्या बाकावर टीका करत होतो आणि तो बाक कच्चा ठेवायला मीच मदत करत होतो की.

शनिवारी सकाळी सगळा संघ चारबाग स्टेशनवर अपूर्वाला निरोप द्यायला गेला. नेत्राने मला जाकिटात घातलं होतं. कोहरा इतका दाट की पलीकडचा फलाट दिसेना, आणि भोंग्यावरून सांगत होते की जोधपूरची गाडी उशिरा धावतेय. किती उशिरा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

नेत्राने मला काढून अपूर्वापुढे धरलं. “तू ले जा। यह तेरे ही हाथ का है। मुझसे नहीं होगा।”

अपूर्वाने मला घेतलं. बोटं आत सरकवली. आहाहा, किती ओळखीचा हात! ती बराच वेळ माझ्या खळग्यावर मूठ आपटत उभी राहिली.

“खरं सांगू?” ती म्हणाली. “मम्मीने ट्रंकेत ह्याच्यापुरती जागा ठेवली होती. मीच सांगितलं होतं ठेवायला.”

मग तिने मला काढलं आणि स्वतः नेत्राच्या हातात घातलं. आपला लोकरी हातमोजा आधी तिच्या हातावर चढवला, वरून मी. खुळखुळ थांबली.

“बस खाली. उकिडवी. गाडी येईपर्यंत वेळ आहे.”

आणि फलाटावर, ट्रंका आणि होल्डॉलच्या मधे, सराव सुरू झाला. अपूर्वा हळू टाकत होती, नेत्रा झेलत होती, झोया पळालेले चेंडू बाकांखालून काढत होती आणि लोकांना “माफ़ कीजिएगा” म्हणत होती. डोक्यावर दोन सुटकेस घेतलेला एक हमाल थांबला.

“बिटिया, ज़रा रास्ता दो। नहीं तो हमें ही आउट कर दोगी।”

“हात पुढे ढकलू नकोस,” अपूर्वा सांगत होती. “चेंडू येतोय ना, येऊ दे. पाहुणा आलाय समज. आणि हे लक्षात ठेव, शिवानी चिडली की मातीत टाकते.”

“मैं यहीं खड़ी हूँ,” शिवानी म्हणाली.

“म्हणूनच सांगतेय. तेव्हा झेलायला जाऊ नको. मिट विसर. अंगावर घे, समोर पाड, मग उचल. चेंडू तुझ्या पुढे राहिला पाहिजे, बस.”

शिवानीने पळालेला चेंडू उचलून अपूर्वाकडे फेकला. मग म्हणाली, “कल मैं ज़ोर से ही डालूँगी, नेत्रा। तू देख लेना।” शिवानीच्या भाषेत हा सगळ्यात मोठा विश्वास.

गाडी कोहऱ्यातून आली. अपूर्वाने दारातून वाकून माझ्या पट्ट्यावर तिसरं अक्षर काढलं, ‘ने’. गाडी हलली तरी तिचा हात दाराबाहेरच होता. हातमोज्याविना लाल झालेला.

रविवारी ऊन पडलं. आणि सकाळीच आणखी एक बातमी, गीताची कोचिंगची परीक्षा आलेली, ती नाही. पहिल्या बेसवर चारुलता. म्हणजे माझा तो बाक आख्खाच्या आख्खा मैदानात.

कानपूरच्या मुलींनी नेत्राला पाहिलं आणि त्यांची कुजबुज मला ऐकू आली. “अरे, यह तो नई वाली है। इनका भौकाल तो जोधपुर चला गया।” भौकाल म्हणजे त्यांच्याकडे दरारा.

दोन चेंडू आमच्याकडून सुटले, मी लपवत नाही. त्यातल्या एकावर त्यांची एक धाव झाली. पण बाकीचे, मित्रांनो, बाकीचे! फट्ट, फट्ट, फट्ट. तोच आवाज. मला वाटायचं तो अपूर्वाच्या बोटांचा आहे. खरं तर तो धाडसाने बसून राहणाऱ्या कुठल्याही हाताचा असतो.

शेवटचा डाव. आमची एक धाव जास्त. त्यांच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की सामना आमचा. पण एक तिसऱ्या बेसवर, होम बेसकडे पळून धाव काढायला टपलेली. बॅटरचे दोन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले चेंडू, झालेले; तिसऱ्याला ती बाद. त्यांच्या बाजूने कुणीतरी शिवानीला काहीतरी बोललं, आणि मी शिवानीचा चेहरा पाहिला. संपलं, म्हटलं. चिडली.

चेंडू मातीत आपटला. बॅटरने बॅट फिरवली, चुकली. तिसरा स्ट्राइक! पण बेसबॉलमध्ये एक दुष्ट नियम आहे. तिसरा स्ट्राइक कॅचरने झेलला नाही, तर बॅटरला पळता येतं. आणि चेंडू माझ्या कडेला लागून नेत्राच्या छातीकडे उसळला.

बॅटर पहिल्या बेसकडे पळाली. तिसऱ्या बेसवरचीही सुटली. अपूर्वा असती तर तिने मला लांब करून तो उचलला असता. नेत्राने मला विसरून टाकलं. छाती पुढे घातली, चेंडू तिच्यावर आपटून पुढ्यात पडला, उघड्या हाताने तिने तो उचलला आणि फेकला.

“मेरी!” चारुलता ओरडली. शांत चारुलता. पाय बेसवर, अंग एवढं ताणलेलं की मला वाटलं तुटेल. चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये गेला आणि मग बॅटरचा पाय पडला. ह्याच क्रमाने. पंचांचा हात वर.

चेंडू बाकावरच्या एकीकडून निघाला, बाकावरच्या दुसरीकडे पोचला, आणि सामना संपला.

शिवानी धावत आली आणि तिने नेत्राला मिटासकट उचललं. “छोड़ दिया था तूने।”

“छोड़ा नहीं,” नेत्रा म्हणाली. “सामने गिराया।”

दुसऱ्या दिवशी सरावाला सरांनी मला पेटीतून काढलं आणि नेत्राकडे दिलं. नेत्राने मला घातलं, दहा चेंडू झेलले, आणि मग सहावीतल्या एका छोट्या मुलीला हाक मारली.

“इधर आ। बैठ। डरना मत, यह काटता नहीं।”

“दीदी, मेरी उँगलियाँ तो पहुँचती ही नहीं।”

नेत्राने खिशातून अपूर्वाचा लोकरी हातमोजा काढला.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्या वस्तूंना तेल लावा, हीटरपासून लांब ठेवा, अंगठ्यात पाल होऊ देऊ नका. पण जपायचं म्हणून एकाच हातात कोंडूही नका. माणसं बदलीवर जातात, परीक्षांना जातात, मोठी होतात. जो मिट फक्त एकाच हाताला ओळखतो, तो त्या हाताची मुलगी गेली की पेटीत जातो. आणि तुमच्या संघात, वर्गात, घरात जी दहावी बाटल्या भरतेय, तिच्या हातात आजच काहीतरी द्या. गाडी येण्याआधी.

माझ्या पट्ट्यावर अजून बरीच जागा आहे.